वासाची साक्ष

हिवाळ्यात बारामतीहून इंदापूरकडे निघालेल्या माणसाला नीरा डाव्या कालव्याचा पट्टा डोळ्यांआधी नाकाला कळतो. चुलवणात जळणाऱ्या चिपाडाचा धूर, काहिलीवरून काढून टाकलेल्या मळीचा आंबूस दर्प, आणि गुळव्या आटलेला पाक साच्यात ओततो त्या घटकेचा खरपूस गोडवा. गुऱ्हाळाचा वास कोणी लपवीत नाही. वाटसरू त्या वासावर थांबतो, पेलाभर रस पितो आणि पुढे जातो.

याच गुळाला दुसराही एक वास आहे. गूळ पाण्यात कालवून काही दिवस आंबवला की तो उठतो. पंचनाम्यांत या आंबोणाला ‘कच्चे रसायन’ म्हणतात. नदीकाठच्या बाभळीत, खड्ड्यात पुरलेल्या पिंपात ते दडवले जाते. पण वास दडत नाही. गूळ एकच, गाव एकच. एका वासाला पाहुणचार, दुसऱ्याला पोलीस.

हा भेद नाकाने केलेला नाही, कायद्याने केला आहे, आणि कायद्याला वय असते. घरात शिजणाऱ्या नशेचा वास कधीपासून लपवावा लागू लागला, हा या धाग्याचा प्रश्न. त्याचे उत्तर दारूपासून नव्हे, भांगेपासून सुरू होते.

मराठीत ‘भांगेत तुळस’ असा वाक्प्रचार आहे, आणि त्याची उलट बाजू ‘तुळशीत भांग’ हाही आहे. वाईट कुळात चांगला निपजला तर पहिला, चांगल्यात वाईट निघाला तर दुसरा. उपमा म्हणून त्या आपण वापरतो, पण एक गोष्ट नजरेतून सुटते: या दोन्ही वनस्पती मुळात वासाच्या आहेत. दोन्हींच्या अंगावर सूक्ष्म ग्रंथी असतात, त्यांत उडनशील तेले असतात, आणि पान चुरगळले की ती हवेत मिसळतात. निसर्गाच्या लेखी ही सख्खी गुणधर्माची भावंडे. एकीला वृंदावन मिळाले, दुसरीला परवाना लागला.

ज्यांनी भांग शिजवली त्यांना हा वास नेहमीच छळत आला. मात्र तो छळ शेकडो वर्षे जिभेचा होता, भीतीचा नव्हता. आयुर्वेदात भांगेला ‘विजया’ म्हणतात. ती वापरण्यापूर्वी तिचे शोधन करायचे: पाने पुन्हा पुन्हा पाण्याने धुवायची, उतरणारे पाणी स्वच्छ दिसू लागेपर्यंत, मग सुकवून गाईच्या तुपात परतायची. पाण्याने कडवटपणा आणि हिरवा उग्रपणा जातो, तूप गुण धरून ठेवते. चौदाव्या शतकाच्या आसपासच्या शार्ङ्गधरसंहितेत भांगेची गणना अफूच्या बरोबरीने ‘व्यवायी’ द्रव्यांत केली आहे. पचण्याआधीच जे देहभर पसरते ते व्यवायी. वैद्याला चिंता होती ती गुणाची आणि मात्रेची. शेजाऱ्यांना काय वास येईल याची नव्हे.

वासाविषयीची पहिली लांबलचक नोंद मिळते ती गोव्यात. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. भारतातील औषधींविषयीच्या त्या संवादरूप ग्रंथात ‘बांग’ या नावाचे एक प्रकरण आहे. कुटलेल्या पानांत लोक काय काय मिसळतात ते तो सांगतो: कोणी हिरवी सुपारी, कोणी जायफळ आणि जायपत्री, कोणी लवंग, कोणी कापूर, आणि पैसेवाले अंबर व कस्तुरी. काही जण अफूही. या यादीकडे नीट पाहावे. अफू आणि सुपारी सोडली तर बाकीचे सारे पदार्थ अत्तरवाल्याच्या दुकानातले वाटतात. भांगेचा वास दुसऱ्या वासाने झाकायचा, आणि झाकण जितके महाग तितका खाणारा मोठा, असा तो हिशोब होता.

ओर्ताने गुजरातच्या सुलतान बहादूरशहाचे एक बोलणे नोंदवले आहे. रात्री पोर्तुगालला, ब्राझीलला, तुर्कस्तानला जाण्याची इच्छा झाली की आपण थोडी बांग खातो, असे सुलतानाने पोर्तुगीज सरदाराला सांगितले म्हणे. एका राजाने परदेशी पाहुण्याजवळ हे हसत सांगावे, यातच त्या काळाची सगळी नीती आली. लपवण्यासारखे त्यात त्याला काही वाटले नाही.

पाककृतीच्या दृष्टीने याहून नेमकी नोंद कलकत्त्याची आहे. तेथील वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक विल्यम ब्रुक ओशॉनेसी याने १८३९ साली भांग-गांजाच्या प्रकारांवर निबंध लिहिला. ‘माजूम’ कशी करतात हे त्याने शहरातील एका नामांकित कारागिराकडून पाहून लिहून घेतले. पाने, तूप आणि पाणी एका भांड्यात; खाली कोळशाची मंद आंच; सतत ढवळणे. पाणी आटून संपले हे कळायचे कसे? तूप तडतडू लागले की. मग गरम असतानाच फडक्यातून पिळायचे, आणि त्या तुपाची साखर-दुधात वडी पाडायची.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण वासाचे गणित याच पाण्यात आहे. तूप एकटे तापवले तर पाने करपतात. पाणी घातल्याने आच एका मर्यादेत राहते. परंतु पाणी दुसरेही एक काम करते. उकळत्या पाण्याची वाफ आपल्याबरोबर उडनशील तेले वर नेते. कनौजचा अत्तरवाला गुलाबाचा गंध काढतो तो याच तत्त्वावर; फरक इतकाच की तो ती वाफ नळीतून नेऊन थंड करतो, आणि माजूम करणारा ती घरात सोडून देतो. म्हणजे वडीतला उग्र वास जितका कमी, तितका तो गल्लीत जास्त गेलेला. पदार्थ सभ्य व्हावा म्हणून घराने बदनाम व्हायचे, असा हा सौदा होता. उरलेसुरले वेलदोडा, जायफळ, केशर, बडीशेप आणि गुलाबपाकळ्यांच्या स्वाधीन. महाशिवरात्रीला किंवा होळीला घोटली जाणारी थंडाई ही त्याच परंपरेतली. तिच्यातील मिरी-बडीशेप केवळ पचनासाठी आहे, असे समजणारे निम्मेच खरे बोलतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या स्वयंपाकघराच्या दारात सरकार उभे राहिले. पण ते वास घेत आले नव्हते. ते हिशोबाची वही घेऊन आले होते.

मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा १८७८ चा. महसूल वसूल करायचा तर माल एका दारातून बाहेर पडला पाहिजे. दारूच्या बाबतीत ते दार म्हणजे सरकारमान्य भट्टी. त्यामुळे घरची भट्टी हा गुन्हा ठरला. कोकणात आणि आदिवासी पट्ट्यांत मोहाच्या फुलांवरच बंधने आली. १८९२ चा कायदा खास मोहाच्या फुलांसाठीच होता. भांग-गांजाचे दार वेगळे होते. त्याची लागवड, साठवण आणि दुकान परवान्याखाली. कर दुकानातच वसूल होई. दुकानातून आणलेली पाने घरी घोटायची की तुपात शिजवायची, यात तिजोरीचे काही जात नव्हते. म्हणून एकाच आळीत मोहाच्या भट्टीचा वास म्हणजे गुन्हा, आणि भांगेच्या तुपाचा वास म्हणजे सण. नशा किती चढते यावर हा फरक ठरला नाही. कर कुठे भरला यावर ठरला.

या व्यवस्थेत इंदापूरची जागा लक्षात घेण्यासारखी आहे. तालुक्याच्या उत्तर-पूर्वेला भीमा, दक्षिणेला नीरा, आणि दोहोंचा संगम नरसिंहपुरला. भीमेच्या पलीकडे कर्जतच्या बाजूने अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा सुरू होतो. आणि मुंबई इलाख्यातील गांजाचे मुख्य पीक त्याच जिल्ह्यात निघत असे. नदीच्या या काठाला तो माल दुकानातून मिळे, त्या काठाला तो शेतात उभा असे. तुरा पक्व झाला की गांजाच्या शेताचा वास सांगावा लागत नाही. परवान्याचे शेत असल्याने तेथेही लपवण्याचे कारण नव्हते.

याच काळात भांग-गांजाविषयी जगातील सर्वात मोठ्या चौकशांपैकी एक झाली. मार्च १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला, आणि जुलैमध्ये भारत सरकारने ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग, सात सदस्यांपैकी तीन भारतीय. मुंबई इलाख्यातून एच. टी. ओमॅनी हे कलेक्टर त्यात होते. ११९३ साक्षीदारांच्या साक्षी झाल्या. गांजाने वेड लागते ही वेड्यांच्या इस्पितळांतील आकडेवारी तपासली, आणि तिच्यातील बरीचशी नोंद ऐकीव असल्याचे आढळले. माफक सेवनाने सर्वसाधारणपणे अपाय होत नाही, सरसकट बंदी करू नये, कर व नियंत्रण असावे, असा १८९४ च्या अहवालाचा निष्कर्ष होता.

या अहवालाचा उल्लेख हल्ली दोन्ही बाजूंकडून होतो, आणि दोन्ही बाजू त्यातील सोयीचे तेवढे उचलतात. वासाच्या दृष्टीने त्यातील एक अडचण महत्त्वाची आहे. उत्तरेत भांग रानोमाळ आपोआप उगवते. लोक ती तोडून घरीच घोटतात. या घरगुती वापरावर कर कसा बसवणार? त्यासाठी घरोघर शिरावे लागेल, आणि शिरणारा शिपाई त्रास देईल, लाच घेईल. चुलीपर्यंत जाण्यात फायद्यापेक्षा उपद्रव मोठा, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांनाही उमगले होते. दयाबुद्धीने नव्हे, अनुभवाने.

दारूच्या बाबतीत मात्र हे शहाणपण चालले नाही, आणि त्याची किंमत कोणी मोजली हे पाहिले की विषय गंभीर होतो.

१८७६–७८ च्या दुष्काळाने इंदापूर आणि तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील बारामती होरपळून निघाली. त्यानंतर भाटघरचे धरण आणि नीरा डावा कालवा आला. १८८० च्या दशकात पाणी खेळू लागले आणि जिराईत ज्वारीच्या मुलखात ऊस उभा राहिला. ऊस आला तसा गूळ आला. १९३० च्या दशकात वालचंदनगरला साखर आली. गूळ मुबलक झाला, म्हणजे घरच्या भट्टीला कच्चा माल बारमाही झाला. मोह नसलेल्या या पट्ट्यात हातभट्टीचे मूळ गुळात आहे ते असे. कालव्याने दोन वास एकदमच आणले.

भट्टी लावणारे कोण? ज्यांच्याकडे जमीन नव्हती, पाण्याची पाळी नव्हती, पण गूळ, चिपाड आणि नदीकाठ हाताशी होता ते. यात भटक्या जमातींची कुटुंबे होती. १८७१ पासून सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी त्यांतील कित्येकांना जन्मानेच संशयित ठरवले होते. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीतून ही माणसे १९५२ साली कागदोपत्री मुक्त झाली. संशयातून मुक्त झाली असे म्हणणे धाडसाचे होईल. झोपडीला भिंती नसतात, असतील तर त्यांना फटी असतात. वास बाहेर येतोच. वाड्यातल्या माजघरात केशर घालून शिजणारी भांग आणि पालात आंबणारा गूळ यांच्यात कायद्यासमोर जो पहिला फरक पडतो तो भिंतीच्या जाडीचा असतो. वास लपवता येणे ही चैन होती, आणि अजून आहे.

१९४९ मध्ये मुंबई दारूबंदी कायदा आला, आणि आता कर चुकवणे हा मुद्दाच राहिला नाही. पिणेच गुन्हा झाले. पिणे सिद्ध करायचे कसे? पेला रिकामा झालेला असतो. उरतो तो श्वास. तोंडाला वास येतो, डोळे लाल आहेत, बाहुल्या विस्फारल्या आहेत, अशा वैद्यकीय नोंदींवर माणसे तुरुंगात जाऊ लागली.

या वासाची खरी परीक्षा मुंबईतल्या एका खटल्यात झाली. मे १९५१ मध्ये बेहराम खुर्शीद पेसिकाका या परिवहन अधिकाऱ्याच्या जीपने काही पादचाऱ्यांना धडक दिली. तपासणीत तोंडाला अल्कोहोलचा वास आला. पण बोलणे सरळ होते, चाल स्थिर होती. आपण अल्कोहोल असलेले टॉनिक औषध म्हणून घेतले होते, असा त्याचा बचाव. मॅजिस्ट्रेटने सोडले, उच्च न्यायालयाने दोषी धरले, आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. औषधी द्रव्यांतील अल्कोहोलपुरती बंदी न्यायालयाने १९५१ मध्येच घटनाबाह्य ठरवली होती. तेव्हा वास आला एवढ्याने भागत नाही, तो निषिद्ध दारूचाच आहे हे सरकारने सिद्ध करावे, असे त्या निकालाचे तात्पर्य.

सरकारने धडा घेतला तो असा की नाक पुरेसे नाही, सुई हवी. १९५९ पासून रक्तातील अल्कोहोल मोजण्याची तरतूद लागू झाली, शेकडा ०.०५ ची मर्यादा ठरली, आणि ती ओलांडली की आपण औषधच घेतले होते हे सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर गेले. या खटल्याची फळे मिळाली ती वकील उभा करू शकणाऱ्यांना. भीमाकाठच्या पिंपाशी पकडलेल्या बाईने टॉनिकचा बचाव केल्याचे सहसा ऐकिवात येत नाही.

गंमत अशी की, त्याच १९५४ साली पॅरिसमध्ये राहणाऱ्या ॲलिस टोक्लास या अमेरिकन बाईंचे पाककृतींचे पुस्तक निघाले, आणि त्यात एका मित्राने दिलेली ‘हशीश फज’ची कृती होती. अमेरिकी प्रकाशकाने ती गाळली. इंग्लंडच्या आवृत्तीत ती राहिली आणि पुस्तक गाजले ते तिच्यामुळे. तिच्यातील पदार्थ पाहा: मिरी, जायफळ, दालचिनी, धने, खजूर, अंजीर, बदाम. ही मोरोक्कोमार्गे गेलेली माजूमच होय. पुढे अमेरिकेत तिचे चॉकलेटच्या वड्यांत रूपांतर झाले. कोकोचा कडवट गंध जायफळाच्या जागी बसला. ओर्ताची यादी चारशे वर्षांनी नव्या भांड्यात शिजत होती, फक्त आता खिडक्या बंद करून.

भारतात खिडक्या बंद करण्याची वेळ १९८५ नंतर आली. अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा त्या वर्षी १४ नोव्हेंबरला लागू झाला. त्यात ‘गांजा’ म्हणजे फुलोऱ्याचा किंवा फळांचा शेंडा. शेंड्याविना असलेली पाने आणि बिया त्या व्याख्येतून वगळल्या आहेत. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही पानांना अशीच सवलत होती. म्हणून वाराणसीत भांगेचे सरकारमान्य दुकान असू शकते. महाराष्ट्रात मात्र तीच भांग राज्याच्या दारूबंदी कायद्याच्या कक्षेत येते. परवान्याशिवाय ती बाळगणे वा करणे गुन्हा आहे. पान आणि शेंडा यांतील हा भेद कागदावर स्वच्छ दिसतो. तुपात एकदा शिजल्यावर तो नाकाला कळत नाही, आणि प्रयोगशाळेलाही त्यासाठी मूळ काडी-पान समोर लागते.

वास आणि संशय यांचे हे भांडण आता जगभर नव्याने चालू आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात गांजा बाळगणे कायदेशीर झाले, तरी गाडीत तो गंधरोधक डब्यातच ठेवावा असा नियम आला. मग सप्टेंबर २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जळालेल्या गांजाचा नुसता वास हे झडतीचे पुरेसे कारण नाही. आणि डिसेंबरमध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की, कच्च्या गांजाचा वास मात्र पुरेसा आहे, कारण डबा गंधरोधक असता तर तो आलाच नसता. तीन महिन्यांत दोन वास, दोन निकाल. कमिशनच्या सदस्यांना हे वाचून बहुधा मौज वाटली असती. दुकानात रीतसर विकलेल्या वस्तूचा वास येणे हाच दोष, असे त्यांनी तरी कुठे लिहिले नव्हते.

इकडे नीरा-भीमेच्या दुआबात लपवण्याची जागा बदलली आहे. उसाच्या फडात मधल्या सऱ्यांत लावलेली गांजाची झाडे पकडल्याच्या बातम्या पश्चिम महाराष्ट्रात अधूनमधून येतात. उंच उसाने डोळा चुकतो, पण तुऱ्यावर आलेल्या झाडाचा वास बांधापर्यंत येतो. नदीकाठच्या हातभट्ट्यांवरचे छापे तर नित्याचेच. छाप्याची रीत ठरलेली आहे. पिंपे आडवी करतात, रसायन जागच्या जागी मातीत ओततात, एका बाटलीत नमुना भरून लाखेची मोहोर लावतात. बाटली पुण्याच्या प्रयोगशाळेकडे जाते. पिंप फोडल्याची नोंद पंचनाम्यात होते, आणि त्या मातीला पुढे काही दिवस गुळाचा वास येत राहतो.